क्रांती झाली, आता भाकरीचं काय? : रशियातल्या सुरुवातीच्या आर्थिक धोरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न (१९१७–१९२८)

रशियन क्रांतीवर मी अधूनमधून लिहितो, अभ्यासवर्गांत बोलतो. त्यानंतर येणाऱ्या मेसेजमध्ये तेच ते प्रश्न असतात. काही स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचे, काही जुन्या कॉम्रेडांचे, तर काही निव्वळ भांडायला आलेल्यांचे. दरवेळी नव्यानं टाइप करण्यापेक्षा सगळे इथं एकत्र केलेत. वाचण्याआधी एवढंच धरून ठेवा: या अकरा वर्षांत धोरण वारंवार उलटंपालटं झालं, नेते एकमेकांवर तुटून पडले, पण सगळ्याच्या मुळाशी तिढा एकच होता. खेड्यातल्या कणगीतलं धान्य शहरातल्या ताटात आणायचं कसं?

१. ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरमध्ये का साजरी करतात? तारखांचा फार घोळ होतो.

रशियात तेव्हा ज्युलियन कॅलेंडर होतं, ते आपल्या कॅलेंडरपेक्षा १३ दिवस मागे. तिथली २५ ऑक्टोबर १९१७ म्हणजे बाकी जगाची ७ नोव्हेंबर. नव्या सरकारनं १९१८ मध्ये कॅलेंडर बदललं आणि ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी उजाडली. खाली सगळ्या तारखा नव्या पद्धतीनं दिल्या आहेत. जुन्या पुस्तकांत १३ दिवसांचा फरक दिसला तर गोंधळू नका.

२. सत्तेवर आले तेव्हा बोल्शेविकांकडे (लेनिनच्या पक्षाकडे) आर्थिक आराखडा तयार होता का?

नव्हता. दिशा ठरलेली होती, वाट नव्हती. मार्क्सनं भांडवलशाहीची चिरफाड केली, पण क्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुकान कसं उघडायचं हे काही लिहून ठेवलं नव्हतं. लेनिनच्या डोळ्यांपुढे युद्धकाळातल्या जर्मनीचं उदाहरण होतं. तिथं सरकारनं कारखाने, रेल्वे, रेशन सगळं एका सूत्रात बांधलं होतं. तीच यंत्रणा कामगारांच्या हाती आली की झालं, असा त्याचा अंदाज.

१९१८ च्या वसंतात तर तो उघडपणे म्हणत होता की रशियासारख्या मागास देशात राज्य-भांडवलशाही आली तरी ते एक पाऊल पुढेच आहे. जुन्या इंजिनिअरांना जास्त पगार द्या, अमेरिकेतल्या टेलरच्या कामगार-व्यवस्थापनातून घेण्यासारखं घ्या, हेही त्याचंच. बुखारिन, ओसिन्स्की वगैरे 'डाव्या कम्युनिस्टांना' हे अजिबात पटलं नाही. 'लेनिननं पहिल्या दिवसापासून सगळं सरकारी करायचं ठरवलं होतं' असं ज्यांना वाटतं त्यांनी हे सहा महिने नीट वाचावेत.

३. अर्थकारण नेमकं कोण चालवत होतं? लेनिन एकटाच?

लेनिन लोककमिसार मंडळाचा, म्हणजे मंत्रिमंडळाचा, अध्यक्ष होता आणि शेवटचा शब्द बहुधा त्याचाच असे. पण कामाचे गाडे ओढणारे दुसरे होते. डिसेंबर १९१७ मध्ये सर्वोच्च आर्थिक परिषद स्थापन झाली. आधी ओसिन्स्की आणि एप्रिल १९१८ पासून अलेक्सेई रिकोव तिचा प्रमुख. अन्नखातं त्स्युरुपाकडे. परदेशी व्यापार क्रासिनकडे, जो स्वतः इंजिनिअर आणि क्रांतीपूर्वी सीमेन्स कंपनीत वरच्या हुद्द्यावर. वीज म्हटलं की क्रझिझानोव्स्की. सैन्य ट्रॉटस्कीकडे, आणि १९२० मध्ये काही काळ रेल्वेही त्याच्याच गळ्यात.

अर्थखात्याची सुरुवात मात्र वाचण्यासारखी आहे. पेस्तकोव्स्की नावाच्या कार्यकर्त्यानं आठवणींत लिहिलंय: तो काम शोधत एका खोलीत शिरला, तिथं अर्थखातं सांभाळणारा मेन्झिन्स्की सोफ्यावर आडवा झालेला आणि वर पाटी, 'अर्थ लोककमिसारियत'. गप्पांच्या ओघात पेस्तकोव्स्की म्हणाला, लंडनच्या विद्यापीठात इतर विषयांबरोबर थोडं अर्थशास्त्रही शिकलोय. मेन्झिन्स्की ताडकन उठला आणि म्हणाला, मग तुम्हाला स्टेट बँकेचे प्रमुख करतो. हा घाबरून नको नको म्हणतोय तोवर तो लेनिनची सही घेऊन परतसुद्धा आला! त्या बँकेचे कारकून तेव्हा संपावर होते. नव्या सरकारला पहिले ५० लाख रूबल मिळवायला बंदूकधारी तुकडी पाठवावी लागली होती.

४. पहिल्याच दिवशी सगळी जमीन सामुदायिक केली ना?

नाही. सर्वांत जास्त वेळा येणारा गैरसमज हाच. ८ नोव्हेंबर १९१७ च्या जमीन हुकुमानं खासगी मालकी कागदावर रद्द केली आणि जमीनदार, राजघराणं, मठ-चर्च यांच्या जमिनी स्थानिक शेतकरी समित्यांकडे दिल्या. मजकूर बराचसा प्रतिस्पर्धी समाजवादी-क्रांतिकारी पक्षाचा, २४२ गावांच्या मागण्यांवर बेतलेला. विरोधक ओरडले, 'हा तर आमचा कार्यक्रम!' लेनिनचं उत्तर साधारण असं: असेना का, शेतकऱ्यांना हवाय ना.

प्रत्यक्षात गावानं जमीन आपसांत वाटून घेतली. मोठे जमीनदार गेले, भूमिहीन कमी झाले आणि देशभर छोट्या शेतकऱ्यांचा सागर पसरला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अशी सुमारे अडीच कोटी कुटुंबं होती. पूर्वी शहराला पुरवलं जाणारं बरंचसं धान्य जमीनदारांच्या शेतांतून येई. नवा मालक आधी स्वतःच्या पोराबाळांना पोटभर घालू लागला, आणि त्यात त्याचं काय चुकलं? शहरावरची टंचाईची कुऱ्हाड मात्र इथंच उगारली गेली. सक्तीची सामुदायिक शेती १९२९ नंतरची (प्रश्न २० पाहा).

५. कारखान्यांचं राष्ट्रीयीकरण कधी झालं? प्रत्येक पुस्तकात वेगळी तारीख आहे.

कारण ते टप्प्याटप्प्यानं झालं. २७ नोव्हेंबर १९१७ ला 'कामगार नियंत्रण' आलं, म्हणजे मालक तोच, हिशेब तपासणार कामगार समिती. २७ डिसेंबरला बँका ताब्यात घेतल्या. फेब्रुवारी १९१८ मध्ये झारची परदेशी कर्जं नाकारली, एप्रिलमध्ये परदेशी व्यापार सरकारी झाला, मेमध्ये साखर, जूनमध्ये तेल. २८ जून १९१८ च्या हुकुमानं मोठे उद्योग घेतले. परीक्षेत 'मोठ्या उद्योगांचं राष्ट्रीयीकरण' विचारलं तर हीच तारीख लिहा. तीही घाईत काढली होती: जर्मनीशी बोलणी चालू होती आणि १ जुलैनंतर जर्मन मालकीच्या कारखान्यांना हात लावता येणार नाही अशी भीती होती.

नोव्हेंबर १९२० मध्ये मजल छोट्यांवर गेली: यंत्रशक्ती असेल तर ५ पेक्षा जास्त आणि नसेल तर १० पेक्षा जास्त कामगार असलेलं सगळं सरकारी. ऑगस्ट १९२० च्या गणनेत सरकारी यादीत सुमारे ३७,००० कारखाने निघाले, त्यांतल्या ५,००० हून जास्त ठिकाणी कामगार एकच! म्हणजे गावातला एखादा लोहार आणि त्याचा भाता, राष्ट्राच्या मालकीचा.

६. 'युद्ध साम्यवाद' म्हणजे थोडक्यात काय?

१९१८ च्या उन्हाळ्यापासून मार्च १९२१ पर्यंत, यादवी युद्धाच्या काळात चाललेली व्यवस्था: उद्योग सरकारी, खासगी व्यापार बेकायदा, रेशन, सक्तीचं काम आणि शेतकऱ्याकडून सक्तीची धान्यवसुली. हे नाव तेव्हाचं नव्हे. लेनिननं ते १९२१ मध्ये रूढ केलं, तेही व्यवस्था मोडीत निघाल्यावर.

कणा होता धान्यवसुली, रशियन भाषेत 'राझव्योर्स्तका'. जानेवारी १९१९ पासून पद्धत अशी: केंद्र ठरवणार की एवढं धान्य हवं. तो आकडा प्रांतांवर, प्रांताचा तालुक्यांवर, तालुक्याचा गावांवर वाटायचा. गावाकडे तेवढं आहे का हा प्रश्नच नाही. नियमानं फक्त 'शिलकीचं' धान्य न्यायचं, पण शिल्लक कोणती हे ठरवणार दारात उभी असलेली सशस्त्र तुकडी. कित्येकदा बियाणंही गेलं.

मोबदल्यात कागदी रूबल. आपल्याकडचे वयस्क वाचक लगेच म्हणतात, 'म्हणजे लेव्हीच की.' लेव्हीत (सरकार ठरलेल्या भावानं सक्तीनं धान्य घेई) भाव मारला जायचा हे खरं, पण हाती आलेल्या पैशांत लुगडं-धोतर तरी येत होतं. इथं त्या नोटांना मोल नव्हतं, आणि असतं तरी दुकानात ना खिळा, ना कापड. मग शेतकऱ्यानं सर्वांत सोपा मार्ग धरला: पेराच कमी केला.

७. धान्याची सक्ती ही बोल्शेविकांचीच कल्पना ना?

नाही. गावांवर धान्याचा कोटा लादायची पद्धत झारच्या सरकारनं डिसेंबर १९१६ मध्येच आणली होती. झार गेल्यावर हंगामी सरकारनं एप्रिल १९१७ मध्ये धान्याचा सरकारी एकाधिकार जाहीर केला. दोघांनाही तो राबवता आला नाही. बोल्शेविकांनी राबवला, बंदुकीच्या जोरावर. मे १९१८ मध्ये 'अन्न हुकूमशाही', जूनमध्ये गावोगाव 'गरिबांच्या समित्या', ज्यांनी शेजाऱ्याच्या कणगीत किती आहे ते सांगायचं. या समित्यांनी गावात एवढी दुही माजवली की वर्ष संपेतो त्या गुंडाळाव्या लागल्या.

८. मग शहरातले लोक जगले कसे?

बरेच जगले नाहीत आणि त्याहून जास्त पळून गेले. पेत्रोग्रादची (आजचं सेंट पीटर्सबर्ग) लोकसंख्या १९१७ मध्ये २३ लाखांच्या आसपास होती, १९२० मध्ये ती ७ लाखांवर आली. ज्या कामगार वर्गाच्या नावानं क्रांती झाली तो आपल्या गावी, भाकरीजवळ परत गेला.

जे राहिले ते 'पोतेवाल्यां'च्या जिवावर. शहरातून मीठ, सुया, जुना कोट घेऊन गाडीच्या टपावर बसून खेड्यात जायचं आणि पिठाचं पोतं पाठीवर टाकून परतायचं. स्टेशनाबाहेर अडवणूक पथकं उभी, सापडलं तर पोतं जप्त. सप्टेंबर १९१८ मध्ये काही आठवडे मॉस्को-पेत्रोग्रादच्या कामगारांना माणशी दीड पूड (साडेचोवीस किलो) धान्य आणायची मुभा दिली गेली, तेव्हा गाड्यांना माणसं लोंबकळली. शहरात खाल्ल्या जाणाऱ्या धान्यातलं निम्मं किंवा त्याहून जास्त या बेकायदा वाटेनं येत होतं, असं त्या काळच्याच पाहण्यांतून दिसतं. सरकारला हे ठाऊक होतं. मॉस्कोच्या सुखारेव्का बाजारावर छापे पडायचे आणि दुसऱ्या दिवशी बाजार पुन्हा भरायचा. डिसेंबर १९२० मध्ये तो बंद केला तेव्हा लेनिन म्हणाला होता की खरी धोकादायक सुखारेव्का चौकातली नाही, प्रत्येक छोट्या मालकाच्या मनात आहे ती.

९. पैसा रद्द केला होता हे खरं आहे का?

हुकूम काढून रद्द केला नाही, पण मरू दिला. नोटा इतक्या छापल्या की त्यांना किंमत उरली नाही. पगार बहुतांश धान्य, सरपण, कापड अशा वस्तूंत मिळू लागला. १९२० च्या अखेरीपासून रेशन, सरपण, घरभाडं फुकट करण्याचे हुकूम निघाले. पक्षातल्या काहींना वाटलं, बघा, पैशाविना समाज आलाच! फुकट देण्यासारखं दुकानात काही नव्हतं, हा भाग वेगळा. पैसा परत कसा आला ते प्रश्न १४ मध्ये.

१०. युद्ध साम्यवाद ही मजबुरी होती की तत्त्व? परीक्षेत काय लिहू?

इतिहासकारांत यावरून आजही जुंपते. माझं मत: सुरुवात मजबुरीतून, शेवट हट्टातून. १९१८ मध्ये युक्रेनचं धान्य जर्मनांच्या हाती, डोनेत्सचा कोळसा हातचा गेलेला, चारी बाजूंनी फौजा. तेव्हा वसुलीशिवाय काय केलं असतं हे सांगणं अवघड. पण १९२० च्या शेवटी मुख्य युद्ध जिंकलेलं होतं, आणि तरीही पाच माणसांच्या कारखान्याचं राष्ट्रीयीकरण (प्रश्न ५) आणि फुकट रेशनचे हुकूम नेमके तेव्हाचे. ही मजबुरी नव्हे. शिवाय ट्रॉटस्कीनं फेब्रुवारी १९२० मध्येच सुचवलं होतं की वसुली बंद करून ठरावीक कर लावा. केंद्रीय समितीनं ते फेटाळलं. मग तोच ट्रॉटस्की कामगारांना लष्करी शिस्त लावण्याच्या मागे लागला, हेही लिहा. एकाच माणसाची दोन टोकं उत्तरात दाखवलीत तर परीक्षक खूश होतो.

११. क्रोनस्टाडच्या बंडामुळे नेप (नवं आर्थिक धोरण) आलं ना?

अर्धसत्य. पेत्रोग्रादजवळच्या क्रोनस्टाड नौदल तळावरच्या नौसैनिकांचं बंड मार्च १९२१ मधलं, १८ मार्चला चिरडलेलं. लेनिननं वसुलीऐवजी कर आणायचं टिपण ८ फेब्रुवारीलाच लिहिलं होतं. त्याआधी तांबोव प्रांतात आंतोनोवच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी महिनोन् महिने लढत होते आणि पेत्रोग्रादमध्ये फेब्रुवारीत संप पेटले होते. क्रोनस्टाडनं घाई केली, पक्षातल्या विरोधकांची तोंडं बंद केली. पक्षाचं दहावं अधिवेशन ८ ते १६ मार्च चाललं. सुमारे ३०० प्रतिनिधी मधूनच उठून गोठलेल्या समुद्रावरून बंड मोडायला गेले आणि त्याच अधिवेशनात १५ तारखेला शेतकऱ्याला सवलत देणारा ठराव संमत झाला. सैनिकांना गोळ्या, शेतकऱ्यांना सवलत. तांबोवच्या शेतकऱ्यांना मात्र दोन्ही मिळालं. सेनापती तुखाचेव्स्कीनं उन्हाळ्यात तिथं ओलीस धरले, विषारी वायू वापरण्याचा हुकूमही काढला.

१२. नेपमध्ये नेमकं बदललं काय?

नेप म्हणजे नवं आर्थिक धोरण. मूळ बदल एकच: किती द्यायचं ते पेरणीआधी सांगणार, तेवढं दिलं की उरलेलं तुमचं, विका. १९२०–२१ च्या वसुलीचा आकडा ४२.३ कोटी पूड होता, नव्या कराचा २४ कोटी पूड.

बाकी सगळं या एका धाग्यातून उसवत गेलं. शेतकऱ्याला विकायची मुभा दिली की बाजार हवा, बाजार आला की व्यापारी आला, व्यापाऱ्याला माल हवा म्हणून छोटे कारखाने भाड्यानं दिले, आणि हे सगळं चालायला खरा पैसा हवा. लेनिनला आधी वाटत होतं की सरकार-शेतकरी थेट अदलाबदल होईल, मुक्त व्यापाराची गरज पडणार नाही. ऑक्टोबर १९२१ मध्ये त्यानं मान्य केलं की अदलाबदल फसली, साधी खरेदी-विक्री जिंकली. म्हणजे नेप एका दिवशी जाहीर झालेलं धोरण नव्हे. एकेक पाऊल मागे घेता घेता ते घडलं.

अवजड उद्योग, बँका, रेल्वे, परदेशी व्यापार ही मोक्याची ठाणी सरकारकडेच राहिली. एक आकडा पाठच करा: १९२३ च्या गणनेत ८८.५ टक्के उद्योग खासगी हातांत होते, पण तिथं कामगार फक्त १२.४ टक्के. ८४ टक्के कामगार सरकारी कारखान्यांत. किरकोळ दुकानदारी मात्र जवळपास तीन चतुर्थांश खासगी. या नव्या व्यापाऱ्याला 'नेपमन' म्हणत: फरकोट, हॉटेलातली शॅम्पेन आणि मनात कायमची धाकधूक.

१३. नेप १९२१ चं आणि दुष्काळही १९२१ चा. म्हणजे नेपमुळे दुष्काळ?

उलट. व्होल्गाकाठी १९२० आणि १९२१ लागोपाठ पाऊस दडी मारून बसला. पण नुसत्या अवर्षणानं एवढी माणसं मरत नसतात. कणगीत साठा असता तर एक-दोन वर्षं निभावली असती. तो साठा आधीच्या तीन वर्षांत निघून गेला होता आणि पेराही घटला होता (प्रश्न ६). सुमारे ५० लाख लोक गेले. सरकारनं शेवटी बाहेर हात पसरला. ऑगस्ट १९२१ मध्ये रीगा इथं अमेरिकी मदत संस्थेशी करार झाला. कट्टर कम्युनिस्टविरोधी हर्बर्ट हूवर तिचा प्रमुख. १९२२ च्या उन्हाळ्यात ती रोज एक कोटीहून जास्त लोकांना जेवू घालत होती. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत सरकार पुन्हा धान्य निर्यातीच्या मागे लागलं तेव्हा मदत देणारे संतापले, आणि रास्तच संतापले.

१४. चेर्वोनेत्स म्हणजे काय? कम्युनिस्टांनी सोन्याचं चलन आणलं?

हो, आणि माझ्या मते या सगळ्या काळातलं सर्वांत नेटकं काम हेच. अर्थमंत्री ग्रिगोरी सोकोल्निकोव यानं ऑक्टोबर १९२२ मध्ये स्टेट बँकेला नव्या नोटा काढायचा अधिकार मिळवून दिला. एक चेर्वोनेत्स म्हणजे जुने १० सोन्याचे रूबल, ७.७४ ग्रॅम शुद्ध सोनं. नोट पांढऱ्या कागदावर एकाच बाजूला छापलेली, मागची बाजू कोरी. १९२३ मध्ये याच वजनाची सोन्याची नाणीही पाडली. त्यांवर राजा नाही, लेनिन नाही. कमरेला बियाण्याची पाटी लावून हात फैलावून पेरणारा शेतकरी आहे. ज्याच्यापायी धोरण बदलावं लागलं तोच नाण्यावर.

जुन्या नोटा काही काळ शेजारी चालू होत्या आणि दर तासाला पडत होत्या. सकाळच्या पगाराला संध्याकाळी किंमत नसे. १९२४ मध्ये त्या बाद केल्या. दर: १९२३ च्या मालिकेतले ५०,००० रूबल द्या, एक नवा रूबल घ्या. १९२३ चा एक रूबल म्हणजे त्याआधीचे दहा लाख. म्हणजे मूळचे ५,००० कोटी रूबल देऊन एक. गणित दोनदा तपासलंय, कळवू नका.

१५. 'कात्री संकट' दरवेळी डोक्यावरून जातं. सोपं करून सांगा.

आलेखावर दोन रेषा काढा. कारखान्याच्या मालाचा भाव वर जातोय, शेतमालाचा खाली. मध्ये उघडलेल्या कात्रीसारखा आकार. हे नाव ट्रॉटस्कीनं एप्रिल १९२३ च्या पक्ष अधिवेशनात दिलं. ऑक्टोबर १९२३ मध्ये १९१३ चा भाव १०० धरला तर औद्योगिक माल २७६, शेतमाल ८९. शेतकऱ्याच्या बाजूनं बघा: नांगराचा फाळ घ्यायला पूर्वी जेवढं धान्य लागे त्याच्या तिप्पट लागतंय. तो फाळ घेत नाही, धान्यही विकत नाही. कारखान्याच्या गोदामात माल पडून, शहरात पुन्हा चणचणीची भीती.

शेती लवकर सावरली, उद्योग हळू, आणि सरकारी ट्रस्टांनी (एकत्र बांधलेल्या कारखान्यांच्या गटांनी) स्पर्धा नाही म्हणून भाव चढवून ठेवले, ही कारणं. सरकारनं ट्रस्टांचं कर्ज आवळलं, भाव उतरवायला लावले आणि पुढच्या वर्षी कात्री बरीचशी मिटली. कांदा विकून परतताना खताच्या दुकानात थांबलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

१६. विजेची योजना म्हणजेच पहिली पंचवार्षिक योजना का?

नाही. विजेची योजना, 'गोएलरो', १९२० ची; पहिली पंचवार्षिक ऑक्टोबर १९२८ पासूनची. क्रझिझानोव्स्कीच्या हाताखाली सुमारे २०० तज्ज्ञांनी, त्यांतले बहुतेक पक्षाबाहेरचे, १० ते १५ वर्षांत ३० वीजकेंद्रं उभारायचा आराखडा केला. डिसेंबर १९२० मध्ये मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरात सोव्हिएतांच्या अधिवेशनात तो मांडला. रंगमंचावर रशियाचा भलामोठा नकाशा, प्रत्येक नियोजित केंद्राच्या जागी एक दिवा. सभागृहात प्रतिनिधी कोट घालून कुडकुडत बसलेले. सांगतात की ते दिवे लागावेत म्हणून शहराच्या इतर भागांतली वीज तोडावी लागली. 'साम्यवाद म्हणजे सोव्हिएत सत्ता अधिक संपूर्ण देशाचं विद्युतीकरण' हे लेनिनचं वाक्य याच अधिवेशनातलं. योजना हवेतली ठरली नाही: काशिराचं केंद्र १९२२ मध्ये, वोल्खोवचं जलविद्युत केंद्र १९२६ मध्ये सुरू झालं. नियोजन मंडळ, 'गोस्प्लान', फेब्रुवारी १९२१ चं, म्हणजे नेपच्या महिनाभर आधीचं.

१७. आर्थिक मोकळीक दिली तशी राजकीयही दिली का?

अजिबात नाही. ज्या अधिवेशनात कर आला त्याच अधिवेशनात पक्षांतर्गत गटबाजीवर बंदी आली. कोल्लोन्ताय आणि श्ल्याप्निकोव यांचा 'कामगारांचा विरोधी गट', जो उद्योग कामगार संघटनांकडे द्या म्हणत होता, तो मोडला. १९२२ मध्ये समाजवादी-क्रांतिकारी नेत्यांवर जाहीर खटला भरला. माघार घेताना रांग मोडणाऱ्याला जास्त कडक शिक्षा, असा लेनिनचा युक्तिवाद. एप्रिल १९२२ मध्ये स्टालिन सरचिटणीस झाला, तेव्हा ते पद कारकुनी समजलं जात होतं.

१८. नेपमध्ये परदेशी कंपन्यांना मोकळं रान होतं ना?

सवलती देऊ केल्या, पण फार कोणी आलं नाही. ज्यांची कर्जं बुडवली ते कशाला येतील? परदेशी व्यापाराचा एकाधिकार मात्र सैल करायचा घाट १९२२ मध्ये पक्षातच घातला गेला होता. सोकोल्निकोव, बुखारिन सैल करण्याच्या बाजूचे. अंथरुणाला खिळलेल्या लेनिननं विरोध केला आणि केंद्रीय समितीच्या बैठकीत आपली बाजू मांडायला ट्रॉटस्कीला गळ घातली. डिसेंबरमध्ये निर्णय फिरला. आतला बाजार मोकळा करणारा लेनिन वेशीवरचं दार मात्र घट्ट लावून बसला होता. हा अपवाद लोक विसरतात.

१९. लेनिननंतर भांडण नेमकं कशावरून?

लेनिन २१ जानेवारी १९२४ ला गेला. प्रश्न तोच राहिला: कारखाने उभारायला पैसा कुठून? पक्षातल्या डाव्या गटाचा अर्थतज्ज्ञ प्रेओब्राझेन्स्की म्हणाला, शेतकऱ्याकडून. शेतमाल स्वस्त, कारखान्याचा माल महाग, त्या फरकातून उद्योग उभारा. बुखारिन म्हणाला, शेतकरी सुबत्तेत आला तरच तो माल घेईल आणि उद्योग चालेल. एप्रिल १९२५ मध्ये त्यानं शेतकऱ्यांना 'श्रीमंत व्हा' असं आवाहन केलं आणि ते वाक्य त्याच्या मानेला कायमचं चिकटलं. स्टालिन तेव्हा बुखारिनच्या बाजूला. डाव्यांना पक्षाबाहेर काढल्यावर त्यानं त्यांच्या कार्यक्रमाहून कैकपट कठोर कार्यक्रम स्वतःच राबवला, आणि बुखारिनलाही बाजूला केलं.

२०. नेप संपलं ती तारीख कोणती?

तारीख नाही, घसरण आहे. १९२७ च्या शरदात शेतकऱ्यांनी सरकारी भावाला धान्य द्यायचं आखडतं घेतलं. जानेवारी १९२८ मध्ये स्टालिन सायबेरियाला गेला आणि साठेबाजीच्या कलम १०७ खाली धान्य जप्त करवलं. ऑक्टोबर १९२८ मध्ये पंचवार्षिक योजना, १९२९ च्या अखेरीस सक्तीचं सामुदायिकीकरण, १९३१ मध्ये खासगी व्यापारावर बंदी. एकच वर्ष लिहायचं असेल तर १९२८.

२१. क्रांतीनंतर रशियात दारूबंदी होती हे खरं?

खरं. झारनं १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच लावलेली बंदी बोल्शेविकांनी चालू ठेवली. गावोगाव हातभट्टी जोरात आणि त्यात धान्य जातंय, ही दुहेरी डोकेदुखी. शेवटी १९२५ मध्ये सरकारी वोडका पूर्ण ताकदीनिशी परत आली. लोकांनी दारूला सरकारप्रमुखाच्या नावावरून 'रिकोव्का' म्हणायला सुरुवात केली. महसुलाचा मोह कुठल्याच रंगाच्या सरकारला सुटत नाही.

२२. याचा आपल्याशी काही संबंध?

आहे. १६ मार्च १९२१ ला, म्हणजे दहावं अधिवेशन संपलं त्याच दिवशी, ब्रिटन आणि सोव्हिएत रशियात व्यापार करार झाला. त्यात अट होती की मॉस्को भारतात ब्रिटिशांविरुद्ध चिथावणी देणार नाही. त्याच वर्षी मुंबईत तरुण श्रीपाद अमृत डांगे यांनी गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी इंग्रजी पुस्तिका काढली. लेनिनला मुंबई त्याआधीच ठाऊक होती: १९०८ मध्ये टिळकांच्या शिक्षेविरुद्ध गिरणी कामगारांनी केलेल्या संपाची त्यानं लेखात दखल घेतली होती. नेहरू नोव्हेंबर १९२७ मध्ये मॉस्कोला गेले, तेव्हा नेपचे शेवटचे दिवस चालू होते. अर्थव्यवस्थेची मोक्याची ठाणी सरकारकडे, बाकी खासगी, ही आपल्याकडे रुजलेली भाषा लेनिनच्या १९२२ च्या भाषणातली. आणि चीनचा डेंग झिआओपिंग १९२६ मध्ये मॉस्कोत विद्यार्थी होता. नेपची दुकानं त्यानं स्वतः पाहिलेली.

२३. लेनिन जगला असता तर नेप टिकलं असतं का?

दोन्ही बाजूंना लेनिनची वाक्यं सापडतात. १९२१ मध्ये तो म्हणाला, हे धोरण गंभीरपणे आणि दीर्घकाळासाठी आहे. १९२२ च्या वसंतात म्हणाला, माघार आता संपली. जानेवारी १९२३ मध्ये पलंगावरून सांगून लिहून घेतलेल्या लेखात तो सहकारी संस्थांवर भर देतो आणि शेतकऱ्याला समजावत नेण्यासाठी एक-दोन दशकं लागतील असं धरून चालतो. यांतलं जे वाक्य हवं ते उचलून भांडता येतं, म्हणून मी या विषयावर ग्रुपमध्ये वाद घालत नाही.

२४. पूड म्हणजे किती किलो?

१६.३८. दीड पूड म्हणजे साडेचोवीस किलो, प्रश्न ८ मधल्या कामगारानं गाडीच्या टपावर सांभाळलेलं पोतं. त्यावर घरातली चार माणसं साधारण दोन-तीन आठवडे भाकरी खात.